विश्लेषण : सर्वोत्तम पिचर हाताशी, तरी संघ तळाला! पिट्सबर्गचे बेसबॉल चाहते ‘संघ विका’ असे का ओरडतात?

मैदानात ‘संघ विका’च्या घोषणा, आकाशात त्याच मागणीचा फलक ओढणारे विमान आणि मैदानाच्या मधोमध साय यंग पुरस्कार जिंकणारा २३ वर्षांचा पिचर. पिट्सबर्ग पायरेट्स या संघाच्या २०२५ च्या हंगामाने अमेरिकी बेसबॉलचे एक जुने दुखणे पुन्हा वर काढले आहे. सतत हरणाऱ्या संघाच्या मालकाचे नेमके काय बिघडते?

एका धावेची गोष्ट

१८ मे २०२५. फिलाडेल्फियात पायरेट्सचा पिचर पॉल स्कीन्स याने आठ डाव एकट्याने टाकले आणि एकच धाव दिली. क्रिकेटच्या भाषेत सांगायचे तर गोलंदाजाने एका टोकाने नव्हे, दोन्ही टोकांनी सामना रोखून धरला. पायरेट्सच्या फलंदाजांना मात्र एकही धाव काढता आली नाही. यजमान संघ १-० ने पुढे असल्यामुळे त्यांना नववा डाव खेळण्याची गरज उरली नाही आणि सामना तिथेच संपला. मेजर लीगमधला स्कीन्सचा हा पहिला ‘पूर्ण सामना’. त्याच्या खात्यावर नोंद झाली ती पराभवाची.

त्या वर्षी असे वारंवार घडले. हंगाम संपला तेव्हा स्कीन्सची सरासरी होती १.९७. दर नऊ डावांमागे पिचरने दिलेल्या धावांचा हा आकडा असतो. तो जितका कमी तितका पिचर चांगला. मेजर लीगमध्ये तो साधारण चारच्या आसपास असतो, दोनच्या खाली येणे फार दुर्मीळ. स्कीन्सने ३२ सामन्यांत २१६ फलंदाज ‘स्ट्राइकआऊट’ केले. नॅशनल लीगमधील सर्वोत्तम पिचरला दिला जाणारा साय यंग पुरस्कार त्याला एकमताने मिळाला. आणि त्याच्या नावापुढे विजय किती, पराभव किती? १० आणि १०.

सर्वोत्तम पिचर असून संघ हरतो कसा, असा प्रश्न क्रिकेट बघणाऱ्याला पडेल. त्यामागे साधे गणित आहे. मेजर लीगचा हंगाम १६२ सामन्यांचा असतो. सुरुवातीचा पिचर पाच-सहा दिवसांतून एकदाच मैदानात उतरतो, कारण ताशी दीडशे किलोमीटरहून अधिक वेगाने शंभरेक चेंडू टाकल्यावर खांद्याला तेवढी विश्रांती लागतेच. म्हणजे स्कीन्स खेळला ३२ सामने आणि उरलेले १३० त्याने डगआउटमधून पाहिले. तो ज्या दिवशी खेळतो त्या दिवशीही धावा इतरांनीच काढायच्या असतात. २०२५ मध्ये धावा आणि होमरन, दोन्ही बाबतींत पायरेट्स ३० संघांत अखेरच्या क्रमांकावर राहिले. संघाचा हिशेब ७१ विजय आणि ९१ पराभव असा संपला. नॅशनल लीगच्या मध्य विभागात पाचवा म्हणजे शेवटचा क्रमांक.

हा राग एका हंगामाचा आहे का?

नाही. त्यासाठी १९८५ मध्ये पिट्सबर्गमध्ये जन्मलेला एक काल्पनिक चाहता समोर ठेवू. पायरेट्सने जागतिक मालिका जिंकली ती शेवटची १९७९ मध्ये, म्हणजे त्याच्या जन्माच्या सहा वर्षे आधी. तोवर संघाची पाच विजेतेपदे झाली होती. ही गोष्ट त्याने वडिलांकडून ऐकलेली.

सात वर्षांचा असताना त्याने पहिला मोठा घाव पाहिला. १४ ऑक्टोबर १९९२, अटलांटा. जागतिक मालिकेत जाण्यासाठीचा सातवा आणि निर्णायक सामना. पायरेट्स नवव्या डावापर्यंत २-० ने पुढे होते. अखेरच्या क्षणी बॅरी बाँड्सने डाव्या बाजूच्या मैदानातून चेंडू फेकला आणि अटलांटाचा सिड ब्रीम घसरत होमप्लेटला पोहोचला. निकाल ३-२. ब्रीम हा बेसबॉलमधल्या सर्वांत संथ धावणाऱ्यांपैकी एक म्हणून ओळखला जाई आणि दोन वर्षांपूर्वीपर्यंत तो पायरेट्सकडूनच खेळत होता. पुढे होमरनचा विक्रम करणारा बाँड्सही त्याच हिवाळ्यात सॅन फ्रान्सिस्कोला निघून गेला.

त्यानंतर पायरेट्सचा सलग २० हंगाम पराभवांचा आकडा विजयांपेक्षा मोठा राहिला, १९९३ पासून २०१२ पर्यंत. उत्तर अमेरिकेतल्या मोठ्या व्यावसायिक खेळांमध्ये इतकी लांब रड दुसऱ्या कोणत्याही संघाच्या वाट्याला आलेली नाही. आपला चाहता शाळेत गेला, पदवीधर झाला, नोकरीला लागला. संघ हरतच होता.

मग २०१३ आले. तो २८ वर्षांचा होता. १ ऑक्टोबरला पिट्सबर्गमध्ये सिनसिनाटीविरुद्ध बाद फेरीचा सामना होता. प्रेक्षक काळे कपडे घालून आले होते. प्रतिस्पर्धी पिचर जॉनी क्वेटोच्या नावाचा त्यांनी एका सुरात असा काही गजर केला की क्वेटोच्या हातातून चेंडू खाली पडला. पुढच्याच चेंडूवर रसेल मार्टिनने होमरन ठोकला. पायरेट्स ६-२ ने जिंकले. पिट्सबर्गमध्ये आजही कोणाला ‘तो सामना’ म्हटले की वर्ष सांगावे लागत नाही.

सुख तीन वर्षे टिकले. २०१४ मध्ये आणि त्यानंतर २०१५ मध्ये बाद फेरीच्या एकाच सामन्यात संघ गारद झाला. २०१५ मध्ये तर ९८ विजय मिळवूनही. त्या दोन सामन्यांत मिळून पायरेट्सने काढलेल्या धावा : शून्य. तेव्हापासून बाद फेरी नाही. २०१८ चा एक बरा हंगाम सोडला तर पुन्हा येरे माझ्या मागल्या. २०१९ ते २०२५ हे सलग सात हंगाम पराभवाचे. त्यातील २०२१ आणि २०२२ मध्ये पराभव शंभरी ओलांडून किंवा गाठून गेले.

चाहता आता चाळिशीचा आहे. त्याची मुले स्कीन्सचा शर्ट मागतात.

२०२५ मध्येच भडका का उडाला?

संघ हरणे पिट्सबर्गला नवे नाही. पण या वर्षी व्यवस्थापनाने जखमेवर मीठ चोळण्याचे जणू वेळापत्रकच आखले होते.

जानेवारीत चाहत्यांसाठी भरवलेल्या मेळाव्यात प्रश्नोत्तरे सुरू होताच ‘संघ विका’च्या घोषणा झाल्या. मालक बॉब नटिंग व्यासपीठावर नव्हते. संघाचे अध्यक्ष ट्रॅव्हिस विल्यम्स यांनी नटिंग संघ विकणार नाहीत, असे उत्तर देऊन टाकले. एप्रिलमध्ये घरच्या मैदानावरील पहिल्या सामन्यात, न्यूयॉर्क यांकीजसमोर, याच घोषणा पुन्हा घुमल्या आणि वर विमान फलक घेऊन घिरट्या घालत होते.

त्याच सुमारास मैदानाच्या उजव्या भिंतीवरचा ‘२१’ हा आकडा नाहीसा झाल्याचे लोकांच्या लक्षात आले. त्या जागी डब्यातून विकल्या जाणाऱ्या एका मद्याची जाहिरात होती. २१ हा रॉबर्टो क्लेमेंटेंचा क्रमांक. पोर्तो रिकोतून आलेला हा खेळाडू पिट्सबर्गसाठी केवळ खेळाडू नाही. मेजर लीगमध्ये ३००० हिट्स करणारे क्लेमेंटे ३१ डिसेंबर १९७२ रोजी निकाराग्वातील भूकंपग्रस्तांसाठी मदतसामग्री घेऊन जाताना विमान अपघातात गेले. मैदानाची ती भिंत मुद्दाम २१ फूट उंच बांधलेली आहे आणि मैदानाकडे येणाऱ्या पुलालाही त्यांचेच नाव आहे. क्लेमेंटे यांच्या मुलाने जाहीर नाराजी व्यक्त केल्यावर संघाने माफी मागितली आणि आकडा परत लावला.

ते निवते न निवते तोच विटांचे प्रकरण पुढे आले. पीएनसी पार्क हे मैदान २००१ मध्ये सुरू झाले तेव्हा चाहत्यांनी पैसे भरून आपल्या किंवा घरच्यांच्या नावाच्या विटा प्रवेशद्वाराजवळ बसवल्या होत्या. कित्येकांनी तिथे दिवंगत आई-वडिलांची, आजोबांची नावे कोरून घेतली होती. दुरुस्तीसाठी त्या विटा उखडल्या गेल्या आणि त्यांचा ढीग एका पुनर्वापर केंद्रात पडलेला असल्याचे छायाचित्र समाजमाध्यमांवर फिरले. विटांवरील नावे नव्याने कोरून लावू, असे आश्वासन संघाला द्यावे लागले.

एक बाहेरच्या माणसाला जाहिरात, दुसरी दुरुस्ती. पण हा संघ आपल्या मालकीचा आहे असे वाटणाऱ्याला यातून एकच गोष्ट कळते. ज्यांच्या हातात संघ आहे त्यांना त्याची आठवण नाही.

मैदानावरही फार काही बरे चालले नव्हते. ८ मे रोजी, १२ विजय आणि २६ पराभव अशी अवस्था असताना, प्रशिक्षक-व्यवस्थापक डेरेक शेल्टन यांना हटवण्यात आले. पिट्सबर्गचेच डॉन केली त्यांच्या जागी आले. उरलेल्या १२४ सामन्यांत ५९ विजय, ६५ पराभव. म्हणजे निम्म्याच्या जरा खाली. सुधारणा झाली, हे खरे. मात्र संघ बांधणारे सरव्यवस्थापक बेन चेरिंग्टन, जे २०१९ च्या अखेरीपासून त्या पदावर आहेत, ते कायम राहिले. चाहत्यांचा सवालही हाच होता : स्वयंपाक्याला काढले, पण बाजारहाट करणारा तोच आहे, मग जेवण बदलणार कसे?

हरूनही मालकाचे काही बिघडत नाही?

हा या सगळ्या प्रकरणाचा गाभा आहे आणि तो नीट समजून घ्यायला हवा.

इंग्लिश फुटबॉलमध्ये तळाचा संघ खालच्या श्रेणीत ढकलला जातो. उत्पन्न घसरते, मालकाची झोप उडते. अमेरिकेत तसे नाही. मेजर लीगचे ३० संघ हे ३० संघच राहतात. १२१ सामने हरला तरी पुढच्या वर्षी तुमची जागा पक्की. शिकागो व्हाइट सॉक्स २०२४ मध्ये नेमके तितके हरले आणि २०२५ मध्ये पुन्हा त्याच लीगमध्ये खेळले. आपल्याकडच्या आयपीएलमध्येही पदावनती नाही, पण तिथे प्रत्येक संघाला लिलावासाठी सारखीच रक्कम असते. २०२५ साठी ती १२० कोटी रुपये होती. मेजर लीगमध्ये ना खर्चाची कमाल मर्यादा आहे, ना किमान. ठरावीक आकड्याच्या वर गेलात तर जादा कर भरा, एवढेच. २०२५ मध्ये ती रेषा २४.१ कोटी डॉलरवर होती.

याचा परिणाम काय? लॉस एंजेलिस डॉजर्सने २०२५ मध्ये खेळाडूंच्या वेतनावर ३२ कोटी डॉलरहून अधिक खर्च केला. पायरेट्सचा आकडा ९ कोटींच्या आसपास. डॉजर्सने निव्वळ जादा कर म्हणून जी रक्कम भरली, सुमारे १७ कोटी, तिच्यात पायरेट्सचा अख्खा संघ दीड पटीहून अधिक वेळा विकत घेता आला असता.

आता दुसरी बाजू. राष्ट्रीय पातळीवरील प्रक्षेपणाचे पैसे सर्व ३० संघांत समान वाटले जातात. शिवाय प्रत्येक संघाच्या स्थानिक उत्पन्नाचा ४८ टक्के हिस्सा एका सामायिक पिशवीत जातो आणि त्याचेही समान वाटप होते. छोट्या शहरांच्या संघांना यातून नक्त लाभ होतो. हा पैसा संघ सुधारण्यासाठी वापरावा, अशी अपेक्षा असते. पायरेट्स तो तसा वापरत नाहीत, असा आक्षेप घेत खेळाडू संघटनेने फेब्रुवारी २०१८ मध्ये रीतसर तक्रार केली होती. त्यात मायामी, टॅम्पा बे आणि ओकलंड या संघांचीही नावे होती.

त्याआधी २०१० मध्ये काही संघांचे आर्थिक कागद बाहेर फुटले. सलग पराभवांच्या त्या काळातही पायरेट्सला २००७ आणि २००८ या दोन वर्षांत मिळून जवळपास २.९४ कोटी डॉलर नफा झाल्याचे त्यातून दिसले. म्हणजे संघ तळाला आणि ताळेबंद वर. पिट्सबर्गकर ही आकडेवारी आजतागायत विसरलेले नाहीत.

नटिंग यांचे कुटुंब वेस्ट व्हर्जिनियातील व्हीलिंगमध्ये वृत्तपत्रांचा व्यवसाय चालवते. २००७ मध्ये ते संघाचे प्रमुख मालक झाले. त्यांच्या काळातल्या १९ हंगामांपैकी केवळ चार हंगामांत संघाचे विजय पराभवांपेक्षा जास्त होते. याच काळात संघाची अंदाजित बाजारकिंमत एक अब्ज डॉलरच्या पुढे गेली. इंजिनीअरिंगच्या वर्गात शिकवतात तो ‘फीडबॅक लूप’ इथे तुटलेला आहे. चूक झाली की यंत्रणेला झटका बसायला हवा. इथे झटका प्रेक्षकाला बसतो आणि यंत्रणा चालू राहते.

मग छोट्या शहराचे कारण खोटे आहे का?

पूर्ण खोटे नाही. पिट्सबर्ग हे न्यूयॉर्क किंवा लॉस एंजेलिस नव्हे. डॉजर्सचा स्थानिक प्रक्षेपणाचा करार २५ वर्षांचा आणि ८ अब्ज डॉलरहून मोठा आहे. पोलादाच्या गिरण्या बंद पडल्यावर आकसलेल्या शहरात असा करार कोणी देणार नाही. व्यवस्थापन जेव्हा म्हणते की आम्ही त्यांच्याशी बोली लावू शकत नाही, तेव्हा ते बरोबर असते.

पण त्याच पिट्सबर्गमध्ये, त्याच काळ्या-सोनेरी रंगांत खेळणारे आणखी दोन संघ आहेत. फुटबॉलमधील स्टीलर्सच्या नावावर सहा सुपर बोल आहेत आणि आइस हॉकीतील पेंग्विन्सच्या नावावर पाच स्टॅनले कप. २००९ मध्ये तर या दोघांनी काही महिन्यांच्या अंतराने विजेतेपदे जिंकली. शहर तेच, प्रेक्षक तेच. फरक असा की त्या दोन्ही लीगमध्ये वेतनावर कमाल मर्यादा आहे आणि खालचीही. म्हणजे दोष काही अंशी बेसबॉलच्या व्यवस्थेत आहे, हे मान्य करावे लागते.

तिथेच थांबता आले असते, जर मिलवॉकी नसते. मिलवॉकी ब्रूअर्स पायरेट्सच्याच विभागात खेळतात. बाजारपेठ म्हणून मिलवॉकी मेजर लीगमधल्या सर्वांत छोट्यांपैकी आहे. २०२५ मध्ये त्यांनी ९७ सामने जिंकले, सर्व ३० संघांत सर्वाधिक. कोणताही अवाढव्य करार न करता. त्यांचे यश आहे ते खेळाडू हेरण्यात, घडवण्यात आणि योग्य वेळी सोडून देण्यात. टॅम्पा बे आणि क्लीव्हलँड हे संघही अनेक वर्षे हेच करत आले आहेत. पैसा कमी असेल तर चुका कमी करायच्या, एवढाच त्याचा अर्थ. पायरेट्सकडे पैसाही कमी आणि चुका मात्र श्रीमंत संघाच्या.

त्यातली सर्वांत महागडी चूक ३१ जुलै २०१८ ची. टॅम्पा बेकडून पिचर ख्रिस आर्चरला घेण्यासाठी पायरेट्सने टायलर ग्लास्नो, ऑस्टिन मेडोज आणि शेन बाझ असे तीन तरुण खेळाडू देऊन टाकले. आर्चर पिट्सबर्गमध्ये कधी जमलाच नाही. २०२० चा हंगाम शस्त्रक्रियेत गेला आणि नंतर संघाने त्याला सोडले. मेडोज दुसऱ्याच वर्षी ऑल-स्टार झाला. ग्लास्नो आता डॉजर्सचा पिचर आहे आणि डॉजर्सने २०२४ व २०२५ च्या जागतिक मालिका जिंकल्या आहेत. पिट्सबर्गमध्ये एखाद्या वाईट सौद्याची चर्चा निघाली की ‘आर्चर’ एवढा एक शब्द पुरतो.

त्याच वर्षी जानेवारीत गेरिट कोल आणि अँड्र्यू मॅककचन हे दोघे दोन दिवसांच्या अंतराने संघाबाहेर गेले होते. कोलला पायरेट्सनेच २०११ मध्ये पहिल्या क्रमांकावर निवडले होते. पुढे यांकीजने त्याला ३२.४ कोटी डॉलर दिले आणि २०२३ मध्ये त्याने साय यंग पुरस्कारही जिंकला. मॅककचन २०१३ चा सर्वोत्तम खेळाडू, शहराचा लाडका. तो २०२३ मध्ये, कारकिर्दीच्या उतरणीला, परत आला. प्रेक्षकांनी उभे राहून टाळ्या वाजवल्या खऱ्या, पण त्याची उमेदीची वर्षे दुसऱ्यांच्या शर्टात गेली होती.

स्कीन्सही जाणार का?

चाहत्यांची खरी भीती हीच आहे आणि तिच्यामागे नियमांची चौकट आहे.

अमेरिकेत नवा खेळाडू ड्राफ्टमधून येतो. वाईट कामगिरी करणाऱ्यांना आधी निवड करण्याची संधी जास्त. खेळाडू मेजर लीगमध्ये आल्यावर सहा वर्षे तो त्या संघाशी बांधलेला असतो. पहिली साधारण तीन वर्षे जवळपास किमान वेतनावर. २०२५ मध्ये हे किमान वेतन ७.६ लाख डॉलर होते. नंतरच्या तीन वर्षांत लवादामार्फत वेतन वाढते. सहा वर्षे भरली की तो मुक्त, हव्या त्या संघाकडे जाऊ शकतो. म्हणजे खेळाडूची सर्वांत स्वस्त वर्षे बहुधा त्याची सर्वांत चांगलीही वर्षे असतात. गरीब संघाला जिंकायचे असेल तर याच खिडकीत.

स्कीन्सला पायरेट्सने २०२३ मध्ये पहिल्या क्रमांकावर निवडले. करारावर सही करताना त्याला ९२ लाख डॉलर मिळाले. ११ मे २०२४ रोजी त्याने पदार्पण केले आणि त्या वर्षीचा सर्वोत्तम नवोदित ठरला. या पुरस्काराला आणखी एक पदर होता. मेमध्ये संघात आल्यामुळे त्याचे ते वर्ष पूर्ण धरले गेले नसते, पण नव्या नियमानुसार पुरस्कार जिंकल्यामुळे पूर्ण वर्षाचे श्रेय मिळाले. परिणामी त्याच्या मुक्तीचे वर्ष एकाने अलीकडे आले. २०२९ चा हंगाम संपला की तो मोकळा होईल.

२०२५ मध्ये त्याचे वेतन होते ८.७५ लाख डॉलर. न्यूयॉर्क मेट्सचा हुआन सोटो वर्षाला सरासरी ५.१ कोटी घेतो. म्हणजे सोटोच्या एका वर्षाच्या पैशात ५८ स्कीन्स. इतका स्वस्त आणि इतका चांगला पिचर हाताशी असताना उरलेले पैसे फलंदाजांवर खर्च करायचे नाहीत, तर कधी करायचे? पण त्या हिवाळ्यात पायरेट्सने घेतले ते एकेका वर्षाच्या करारावरचे, उतरत्या वयाचे खेळाडू. मुक्त खेळाडूशी एकापेक्षा जास्त वर्षांचा करार त्यांनी डिसेंबर २०१६ नंतर केलेलाच नव्हता. संघाच्या इतिहासातला सर्वांत मोठा करार ब्रायन रेनॉल्ड्सचा, २०२३ मधला, १०.६७५ कोटी डॉलरचा. तोही घरच्याच खेळाडूला थांबवण्यासाठी.

२०२५ च्या शरद ऋतूत स्कीन्सला यांकीजकडे जायचे आहे, अशी बातमी आली. त्याने ती फेटाळली आणि पिट्सबर्गमध्येच जिंकायचे आहे, असे सांगितले. चाहत्यांनी त्यावर विश्वास ठेवला. व्यवस्थापनावर ठेवला का, हा प्रश्न वेगळा.

आशा कोणावर?

कॉनर ग्रिफिन हे नाव सध्या पिट्सबर्गमध्ये सर्वाधिक घेतले जाते. मिसिसिपीतील शाळेतून २०२४ मध्ये नवव्या क्रमांकावर निवडलेला हा मुलगा २०२५ मध्ये १९ वर्षांचा होता. मायनर लीगच्या तीन पायऱ्या त्याने एकाच वर्षात चढल्या : .३३३ ची सरासरी, २१ होमरन, ६५ बेस चोरल्या. जाणकार त्याला बेसबॉलमधील सर्वोत्तम उगवत्या खेळाडूंत पहिल्या स्थानावर ठेवतात.

पण पिट्सबर्गचा चाहता ‘उगवता खेळाडू’ हे शब्द ऐकून आता दचकतो. की’ब्रायन हेज हाही असाच होता. २०२२ मध्ये त्याला ७ कोटी डॉलरचा आठ वर्षांचा करार दिला गेला. क्षेत्ररक्षण अव्वल राहिले, फलंदाजी आटली आणि जुलै २०२५ मध्ये त्याला सिनसिनाटीला देऊन टाकण्यात आले. सिनसिनाटी त्या वर्षी बाद फेरीत पोहोचले. दुसऱ्याच दिवशी पिट्सबर्गच्या जवळच वाढलेला पिचर डेव्हिड बेडनार यांकीजकडे गेला. २०२१ मध्ये पहिल्या क्रमांकावर निवडलेला हेन्री डेव्हिस फलंदाजीत अजून चाचपडतो आहे. पिचर घडवणे पायरेट्सला जमते, हे मानावे लागेल. फलंदाज घडवणे जमत नाही, हे आकडेच सांगतात. ग्रिफिन या नियमाला अपवाद ठरेल अशी आशा आहे. आशेचे हे दुकान पिट्सबर्गमध्ये गेली ३० वर्षे चालू आहे.

भारताशी नाते काय?

हे नाते थोडे गमतीशीर आहे. नोव्हेंबर २००८ मध्ये पायरेट्सने उत्तर प्रदेशातील रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या दोन भालाफेकपटूंना करारबद्ध केले होते. अमेरिकी संघाने भारतीयांना व्यावसायिक बेसबॉलसाठी घेण्याची ही पहिली वेळ. ‘मिलियन डॉलर आर्म’ या स्पर्धेतून ते पुढे आले आणि त्यावर २०१४ मध्ये डिस्नेने चित्रपट काढला. दोघेही मेजर लीगपर्यंत पोहोचले नाहीत. पटेल दोन वर्षांत परतला. रिंकू बरीच वर्षे टिकला आणि नंतर ‘वीर महान’ या नावाने कुस्तीच्या रिंगणात दिसला. तेव्हाही या सौद्याकडे पिट्सबर्गमध्ये काहींनी कौतुकाने पाहिले, तर काहींनी ‘आधी मैदानावरचा संघ बघा’ म्हणून डोक्याला हात लावला.

चाहत्यांच्या हातात काय आहे?

फारसे काही नाही, आणि त्यांनी जवळपास सगळे करून पाहिले आहे. जून २००७ मध्ये तिसरा डाव संपताच उठून जाण्याचे आंदोलन झाले. कोल आणि मॅककचन गेल्यावर २०१८ मध्ये मालकाने संघ विकावा, या मागणीच्या ऑनलाइन अर्जावर ५० हजारांवर सह्या झाल्या. २०२५ मध्ये विमान आले.

बहिष्कार हा सरळ उपाय वाटतो. पण राष्ट्रीय प्रक्षेपणाचा आणि सामायिक पिशवीतला पैसा तिकीट न काढताही संघाला मिळतोच. शिवाय पीएनसी पार्क हे अमेरिकेतल्या सर्वांत देखण्या मैदानांपैकी एक. नदी, पूल आणि पलीकडे शहराच्या उंच इमारती. उन्हाळ्यातल्या संध्याकाळी मुलांना घेऊन तिथे जाण्याचा मोह आवरत नाही. एप्रिल २०२५ मध्ये स्कीन्सची छोटी बाहुली वाटली जाणार होती, तेव्हा दारे उघडण्याच्या कितीतरी आधीपासून रांगा लागल्या होत्या. त्याच महिन्यात, त्याच मैदानात ‘संघ विका’च्या घोषणाही झाल्या होत्या. घोषणा देणारे आणि रांगेत उभे राहणारे लोक बऱ्याच अंशी तेच होते, असे मानायला हरकत नाही.

संघ विकायचा की नाही, हे फक्त मालक ठरवतो. लीग त्याला भाग पाडत नाही. त्यामुळे आता नजरा आहेत त्या १ डिसेंबर २०२६ या तारखेवर. संघमालक आणि खेळाडू संघटना यांच्यातला सध्याचा करार त्या दिवशी संपतो. वेतनावर कमाल मर्यादा आणावी, असे अनेक मालकांना वाटते. खेळाडू संघटनेचा त्याला कडवा विरोध आहे. १९९४ मध्ये याच मुद्द्यावर संप झाला होता आणि त्या वर्षीची जागतिक मालिकाच रद्द करावी लागली होती. कमाल मर्यादेसोबत किमान खर्चाचीही सक्ती येणार का, हा पिट्सबर्गसाठी जास्त महत्त्वाचा प्रश्न आहे. कारण डॉजर्सला ३२ कोटींवर अडवल्याने पायरेट्सचे ९ कोटी आपोआप १५ होत नाहीत.

तोडगा लांबला तर २०२७ च्या हंगामावर टाळे लागण्याची शक्यता आहे. तसे झाले तर स्कीन्सच्या पिट्सबर्गमधल्या मोजक्या वर्षांतले आणखी काही महिने खेळाविनाच जातील. १९८५ मध्ये जन्मलेला आपला चाहता २०२९ च्या ऑक्टोबरमध्ये ४४ वर्षांचा असेल.